बोगनवेलीलाही ताण द्या की!

नमस्कार मंडळी. आज बागेबद्दल बोलूया, पण ज्यांच्याकडं बोअरला बारा महिने पाणी आहे त्यांच्या बागेबद्दल नाही, आपल्या बागेबद्दल. म्हणजे नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि एप्रिलमध्ये टाकीत काठी घालून बघावं लागतं किती उरलंय, असलं घर.

विट्याला आमच्या दारात दहा बाय पंधराची मोकळी जागा आहे. घर बांधलं तेव्हा हौसेनं लॉन केलं, कडेनं गुलाब, आणि नळाजवळ एक बोगनवेल. मार्चपर्यंत सगळं झकास. मग पाणी कमी पडलं, भांडी धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन नेऊन माझी कंबर गेली आणि तरी मे महिन्यात लॉनचं चिपाड झालं. बोगनवेल मात्र हिरवीगार, नुसता पाला, फूल नावाला नाही. आणि गंमत अशी की तिचीच एक फांदी आम्ही कंपाउंडच्या बाहेर मुरमात खोचली होती, जिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, ती गुलाबी रंगानं नुसती पेटलेली!

आटपाडीचे आमचे मामा आले होते, त्यांची डाळिंबाची बाग आहे. ते बघून हसले, म्हणाले, अगं बहार धरताना आम्ही डाळिंबाचं पाणी तोडतो की नाही? झाडाला ताण बसल्याशिवाय फूल येतं का? तू हिला रोज पाजतीयस, ती कशाला फुलतीय.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं दुष्काळी झाड म्हटलं की लोकांना काटेरी, भकास काहीतरी वाटतं. पण अशी कितीतरी झाडं कमी पाण्यात नुसती जगत नाहीत तर जास्त फुलतात. बोगनवेलीचं जवळ जाऊन बघा, ते गुलाबी कागदासारखं जे दिसतं ना ती फुलं नव्हेतच, रंगीत पानं आहेत, आणि तीन पानांच्या मधे बारीक पांढरट नळ्या असतात ती खरी फुलं. म्हणून तर तो रंग उन्हात इतके दिवस टिकतो.

मग मी सगळं उपटलं आणि नव्यानं मांडलं. मागं भिंतीला शंकासुर आणि पिवळा टेकोमा, दोन्ही भराभर वाढतात. त्यांच्या पुढं कोरांटी, आणि एका कोपऱ्यात डाळिंबच, कारण त्याच्या लाल फुलासारखं देखणं फूल विकत आणून मिळणार नाही. अगदी पुढं सदाफुली आणि ऑफिस टाइम, म्हणजे ती ऑफिसच्या वेळेला उमलणारी बुटकी फुलझाडं. मधे मधे कोरफड, तिच्या राखाडी हिरव्या पानांमागं शंकासुराचा केशरी रंग असा उठून दिसतो की बस. ही कोरफड हुशार बरं का, दिवसा उन्हात पानांची तोंडं बंद ठेवते आणि रात्री गारव्याला उघडते, म्हणून तिचं पाणी उडून जात नाही. घायपात पण छान दिसतो, पण वाटेच्या कडेला लावू नका, त्याची टोकं बरोबर लहान पोरांच्या डोळ्याच्या उंचीला येतात. एक गुलाब ठेवलाय, मोरीच्या शेजारी, ज्याला पाणी लागतं तो पाण्याजवळ, एवढाच नियम.

गुलमोहराचा मोह होतो, साताऱ्यात तर 1 मेला गुलमोहर दिवसच साजरा करतात, पण दहा फुटाच्या अंगणात नको. फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावर येतात.

आता सांगली, मिरज, वाळवा, नदीकाठच्या काळ्या रानातल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, तुमचा प्रश्न उलटा आहे. ही झाडं तहानेनं मरत नाहीत, पाय ओले राहिले की मरतात. माझं अडेनियम मी असंच मारलं. थंडीत पानं गळाली, मला वाटलं वाळतंय, म्हणून रोज पाणी. आठ दिवसांनी त्याचा तो जाड फुगीर बुंधा दाबून बघितला तर पिकलेल्या पपईसारखं बोट आत गेलं. काळ्या मातीत वीतभर उंच वाफा करा, निम्मा मुरूम, थोडी जाड वाळू, मग लावा.

लावायचं जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खाली उतरतात. पहिलं वर्ष मात्र पाणी द्यावंच लागतं, ते चुकवू नका. पण रोज तांब्याभर नको, आठवड्यातनं एकदा बादलीभर, कारण वरवर ओलं केलं की मुळंपण वरच राहतात. आणि बुडात पाचट पसरा. आपल्याकडं उसाचं पाचट पेटवून देतात लोक, त्यापेक्षा दोन भारे मागून आणा.

कण्हेर मुद्दाम शेवटी ठेवली. गुलाबी, पांढरी, शेळ्या तोंड लावत नाहीत, हायवेच्या दुभाजकात धूर खाऊन पण फुलते. पण शेळ्या खात नाहीत त्याला कारण आहे, पानापासून मुळापर्यंत सगळी विषारी. घरात रांगतं पोर असेल तर दोन-चार वर्षं थांबा, आणि छाटलेल्या फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, तिचा धूरही वाईट.

चला, वेळ झाली. नमस्कार.