रिपोर्ट येईपर्यंत

मंडळी, थायरॉइडसाठी रक्त दिलं की रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत एक मेख असते. थायरॉइडचं काम वाढलं की छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. आणि नुसत्या काळजीनंही नेमकं हेच होतं! त्यामुळे ‘लक्षणं वाढली’ असं जे वाटतं, ते पुष्कळदा वाट पाहण्याचंच लक्षण असतं.

थोडा अंदाज नाडीवरून येतो. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. काळजीची धडधड झोपेत बरीच उतरते, थायरॉइडची सहसा टिकून राहते. यावरून निदान करायचं नाही. आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचा. दिवसभर पुन्हा मोजू नका, मोजण्याच्या धास्तीनंच नाडी चढते. गळ्यात थायरॉइडची गाठ असेल, तर तीही चाचपत बसू नका. दाबून दाबून जागा हुळहुळी होते, मग ती दुखते म्हणून वेगळा घोर.

रक्त द्यायचं राहिलं असेल, तर केस-नखांसाठीच्या गोळ्यांची पाकिटं तपासा. त्यांत बायोटिन असतं, बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम! काही लॅबच्या तपासणी-पद्धतीत या बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइड स्वतः तयार करतं ते संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. म्हणजे नसलेला आजार कागदावर उमटतो. किमान दोन दिवस आधी गोळ्या थांबवा आणि लॅबला तसं सांगा. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

रिपोर्ट हल्ली रात्री नऊला मोबाइलवर येऊन पडतो. टीएसएच ५.२, ठळक अक्षरांत. लॅबची वरची मर्यादा साधारण ४ ते ४.५ असते, पण एवढीशी वाढ पुन्हा तपासल्यावर अनेकदा आपोआप उतरलेली दिसते. तेव्हा आधीच ठरवा: रिपोर्ट सकाळीच उघडायचा, घरातलं कुणीतरी शेजारी असताना.

काळजी करूच नका, हा सल्ला निरुपयोगी आहे. तिला वेळ नेमून द्या: संध्याकाळी पाच ते सव्वापाच, हातात कागद-पेन. डोक्यातले प्रश्न लिहा, डॉक्टरांना विचारायचे असतील त्यांवर खूण करा. रात्री तोच प्रश्न आला की ‘उद्या पाचला’. झोप लागत नसेल तर चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. झोपण्याच्या तोंडावर चहा नको.

गाठीची सुईची तपासणी झाली असेल, तर ‘नमुना अपुरा’ असाही शेरा येऊ शकतो. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. तपासणी बहुधा पुन्हा करतात. थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

मात्र श्वास घेताना घरघर, आडवं झाल्यावर गुदमरणं, किंवा बसल्या जागी नाडी १२० च्या वर टिकणं, यांपैकी काहीही असेल तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.