भंगाऽऽर, रद्दीऽऽ, पत्रा-लोखंड

जालन्यातली गल्ली, सकाळचे साडेसात. हातगाडी दिसायच्या आधी आवाज येतो आणि एकेक दार उघडायला लागतं. या मावशींनी रात्रीच काढून ठेवलंय सगळं, रद्दीचा गठ्ठा, तेलाचा पत्र्याचा डबा, दुधाच्या पिशव्या. भंगारवाले मामा काट्याला गठ्ठा लावायच्या आधी मधी हात घालून बघतात, ओला पेपर जड भरतो ना! मावशींचं लक्ष मात्र काट्यावर.

आता हा डबा कुठं जातो बघा. गोदामात चेपून त्याचा गठ्ठा होतो, तिथून एमआयडीसीतल्या भट्टीत. हे जे पांढरं-पिवळं उकळतंय ना, ते कालपर्यंत कुणाचं तरी पिंप होतं, कुणाची सायकल होती. विजेवर चालणारी भट्टी, १५०० अंशाच्या वर तापते, मग साच्यात ओतायचं, बिलेट म्हणजे पोलादाचा जाड दांडा काढायचा, आणि तो लालबुंद असतानाच रोलमधून दाबत दाबत लांबवत न्यायचं. झाली सळई. जालन्याची सळई म्हणून आपण स्लॅबला वापरतो ती हीच, तिची सुरुवात मामांच्या हातगाडीवर आहे हे कुणी सांगत नाही.

मामांच्या वहीत टक्के नसतात, किलो असतात. टक्के बघायचे तर अमेरिकेत सरकारी नोंद आहे. तिथं १९६० मध्ये कागद-पुठ्ठा १७ टक्के परत वापरात यायचा, २०१८ मध्ये ६८. पत्र्याचे डबे ७० च्या वर. काच २५. ॲल्युमिनियमचे कॅन उलट खाली आले, १९९० ला ६४ होते ते ५० वर. आणि प्लास्टिक? इतक्या वर्षांनी पण ९ च्या आतच. ज्याला भाव आहे ते फिरतं, मामांना हे आकडे न बघताच माहितीये.

वेफर्सच्या पाकिटाला भाव नाही, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करत कोण बसणार. मग ते नालीत नाहीतर ढिगावर. २०१८ ला संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, शहराचा कचरा जिथं टाकायचे त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग लागले, तेवढं आठवत असेलच.

असो. इकडं मावशी विचारतायत, "दुधाच्या पिशव्या घेता ना?"

"धुतल्यात का?"

"धुतल्यात की, वाळवल्यात पण."

मामा एक पिशवी नाकाला लावतात, आणि मग गोणीचं तोंड उघडतात.