चौकातल्या पुतळ्याला एक प्रदक्षिणा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

मी नेरुळला राहते. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. लेकीकडे आले होते, तर तुमच्या अध्यक्षांनी आग्रहच धरला की ठाणे-नवी मुंबईबद्दल काहीतरी बोला. ठाण्याचे, कळव्याचे, वाशीचे, ऐरोलीचे किती तरी जण इथे आहेत हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. तुम्ही डिसेंबरात नाहीतर मे महिन्यात घरी येता. बँकेची कामं, एखादं लग्न, दातांचे डॉक्टर आणि खरेदी यांत सुट्टी संपते. त्या सुट्टीतली एक सकाळ मला तुमच्याकडे मागायची आहे. चौकातल्या, रस्त्याकडेच्या, तळ्याकाठच्या कलेसाठी.

वाशीच्या शिवाजी चौकातून तुम्ही रिक्षाने, एनएमएमटीच्या बसने असंख्य वेळा गेला असाल. महाराजांचा पुतळा माहीत नाही असा वाशीकर सापडायचा नाही. पण महाराजांची नजर कोणत्या दिशेला आहे? पाठीमागून पुतळा कसा दिसतो? मी आठवीच्या वर्गाला स्मरणचित्रासाठी असा विषय दिला की सगळे एकमेकांच्या कागदात डोकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना आठवेल, वस्तुचित्र सगळ्यांना आवडायचं आणि स्मरणचित्राला घाम फुटायचा, कारण तिथे आपण नीट बघितलं होतं की नाही ते उघड होतं. मग मी मुलांना सांगायचे, सुरक्षित जागी उभे राहा आणि पुतळा सगळ्या बाजूंनी बघा. देवळात आपण गाभाऱ्यासमोर हात जोडतो तशी प्रदक्षिणाही घालतो ना? शिल्प चारही बाजूंनी घडवलेलं असतं. समोरून बघणाऱ्याला त्याचा एक भागच मिळतो.

अश्वारूढ पुतळा असला की एक प्रश्न हमखास येतो. घोड्याचे दोन पाय वर म्हणजे स्वार रणात पडला, एक वर म्हणजे जखमांनी गेला, चारही टेकलेले म्हणजे अंथरुणावर गेला, हे खरं का? नाही. असा नियम कुठल्याही शिल्पशाळेत नाही. काही पुतळ्यांना तो योगायोगाने लागू पडतो, पुष्कळांना पडत नाही. खरा प्रश्न वजनाचा आहे. घोडा आणि स्वार यांचा भार दोन किंवा तीन पायांवर तोलायचा, वाऱ्यापावसात तो टिकवायचा, आणि तरी घोडा आता उसळणार असं वाटलं पाहिजे. त्या पायांच्या आत काय असेल, भार कुठून कुठे उतरत असेल, याचा मुलांशी अंदाज बांधून बघा. बारा वर्षांचं पोरही त्यात रमतं.

पुतळा कसा होतो हे थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की बघण्याची गोडी फार वाढते. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा. त्यावर मातीत संपूर्ण पुतळा घडवतात. शिल्पकाराचं खरं काम इथेच होतं, अंगठ्याने. सार्वजनिक जागी पुतळा उभारायचा तर आपल्याकडे मातीच्या या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. आपल्या एलिमेंटरीच्या परीक्षा घेत आलेलं तेच कार्यालय! मग प्लास्टरचा साचा. साच्यात आतून मेणाचा पातळ थर देतात, त्याला उष्णता सोसणारं आवरण घालतात, मेण वितळवून काढून टाकतात, आणि मेणाच्या रिकाम्या जागेत तांबं-कथिलाचा रस, म्हणजे ब्रॉन्झ, ओततात. त्यासाठी तापमान हजार अंशांच्या आसपास लागतं. मोठा पुतळा तुकड्यांत ओतून जोडतात आणि सांधे घासून नाहीसे करतात. आतून तो पोकळ असतो, भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. हल्ली फायबरचे पुतळेही बरेच होतात, वरून ब्रॉन्झचा रंग दिलेले. बोटाने हलकं टकटक केलं तर आवाजात फरक कळतो.

आणि आता ज्यासाठी मी बोलायला उभी राहिले ते. पुतळ्याखालची संगमरवरी पाटी वाचा. अनावरण कोणी केलं, अध्यक्ष कोण होते, प्रमुख उपस्थिती कोणाची, सगळी नावं असतात. शिल्पकाराचं नाव शोधत बसावं लागतं आणि पुष्कळदा सापडतच नाही. मला याचं मनापासून दुःख होतं. गेटवे ऑफ इंडियासमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा सगळ्या जगाने पाहिला आहे, २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचं अनावरण झालं. तो घडवणारे सदाशिव साठे, म्हणजे भाऊ साठे, आपल्या कल्याणचे. दिल्लीतला गांधीजींचा पुतळा त्यांनी १९५४ मध्ये केला तेव्हा ते तिशीही ओलांडलेले नव्हते. २०२१ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन ते गेले. डोंबिवलीला त्यांचं शिल्पालय आहे. ठाणे जिल्ह्यातच वाढलेल्या किती जणांना हे ठाऊक होतं? हात वर करा म्हणत नाही, पण सुट्टीत चौकशी करून तिथे जरूर जा. इतक्या जवळून शिल्प बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत फ्लेमिंगो सगळीकडे आले आहेत. पाम बीच रोडच्या बाजूला, चौकांत, भिंतींवर. काही शिल्पं सुंदर आहेत, काही घाईत केलेली वाटतात. पारखायची कशी? खऱ्या पक्ष्याशेजारी ठेवून. पावसाळ्यानंतर ते ठाण्याच्या खाडीत यायला लागतात आणि मेपर्यंत असतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळा बघून या. पायाच्या मध्यावर जो सांधा मागे वाकतो, त्याला आपण गुडघा समजतो, तो खरं तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. खाताना डोकं उलटं करून, वाकडी चोच चिखलात चालवून तो गाळून खातो. गुलाबी रंग त्याला खाण्यातल्या शेवाळातून येतो. हे पाहून मग चौकातल्या फ्लेमिंगोसमोर उभे राहा. कोणत्या कारागिराने पक्षी पाहिला होता आणि कोणी नुसता फोटो, ते लगेच कळतं. ज्याने पाहिला होता त्याच्या शिल्पात मानेचा बाक बघत राहावासा वाटतो.

नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, मुलांना त्या फार आवडतात. न्याच. पण परतताना बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये थोडं थांबा. ऐंशीच्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी, ही वसाहत आखली. साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण, भोवती सात घरं, अशी तीन अंगणं मिळून पुढचं मोठं अंगण. घरांच्या भिंती एकमेकींना जोडलेल्या नाहीत, म्हणजे प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं. आता मूळची बरीच घरं बदलली आहेत, पण अंगणांची रचना अजून कळते. सार्वजनिक कलेत मी या अंगणांनाही धरते. कोणी त्यात शिल्प ठेवलेलं नसेल, तरी माणसांनी एकमेकांसमोर यावं म्हणून कोणीतरी विचारपूर्वक आखलेली ती जागा आहे.

उड्डाणपुलांच्या खांबांवर वारली चित्रं दिसली की मुलांना एवढं सांगा की ही कला डहाणू, जव्हार, तलासरीकडची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळं होईपर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहीत. ते चित्र कागदावर आणून जगापुढे नेणारे गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवतीची साखळी अशी फिरते की नाचणाऱ्यांचा वेग जाणवतो. खांबांवरच्या काही चित्रांत तो वेग आहे, काहींत माणसं नुसती उभी आहेत. मुलांना फरक शोधायला लावा, ते शोधतात.

पाडव्याला येणार असाल तर ठाण्याची स्वागतयात्रा आणि गावदेवी मैदानातली भव्य रांगोळी चुकवू नका. रात्रभर वाकून काढलेली असते. शक्य असेल तर काम चालू असताना जा, पूर्ण झाल्यावर गर्दीतून कडा तेवढ्या दिसतात.

आणि एक सकाळ अंबरनाथला. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं शिवमंदिर. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, भर दुपारी काळ्या दगडातले बारकावे पुसट होतात. तिथेही प्रदक्षिणेच्या दिशेनेच चाला, घाई न करता.

अध्यक्षांशी माझं एक बोलणं झालंय, ते सांगून थांबते. डिसेंबरात तुमच्यापैकी जे नवी मुंबईत असतील त्यांच्यासाठी मी एका रविवारी सकाळी साडेसात वाजता वाशीच्या शिवाजी चौकात येईन. तिथून पाम बीच, मग बेलापूर. मुलांना आणा, साधी वही आणि पेन्सिल आणा, मोबाइल खिशात राहू दे. वाटेत लागेल त्या प्रत्येक पुतळ्याची पाटी वाचायची आणि शिल्पकाराचं नाव नसेल तिथे टिपून ठेवायचं. त्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घेऊन आपण महापालिकेला पत्र देऊ, की या पाट्यांवर शिल्पकारांची नावं लावा. पत्राचा मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर दाराशी बसते, वाचून बघा आणि सुधारणा सुचवा.