हजेरी आहे, आवाज नाही

(दृश्य: अंबड औद्योगिक वसाहत. मध्यरात्र. गेटमधून बाहेर पडणारे कामगार.)

सेकंड शिफ्ट सुटली. बसमध्ये टेकल्या टेकल्या मोबाईल बाहेर येतात. कुणी रील बघतंय, कुणी संध्याकाळी सातच्या ऑनलाइन लेक्चरचं रेकॉर्डिंग. सात वाजता ही मंडळी मशीनवर होती. लाइव्ह तासाला प्रश्न विचारणार कोण?

नाशिकला ही अडचण नवी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथे १९८९ साली सुरू झालं, तेच मुळी नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. त्याच वर्षी मायकेल मूर या अमेरिकेतल्या अभ्यासकाने दूरशिक्षणातला संवाद तीन पदरी असल्याचं मांडलं: विद्यार्थ्याचा पाठाशी, शिक्षकाशी आणि सोबतच्या विद्यार्थ्यांशी. आज पाठांना तोटा नाही. गाडी अडते ती पुढच्या दोन ठिकाणी.

(दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबाग, मग स्वयंपाकघर.)

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागाईतदाराच्या घरात कुणालाच उसंत नसते. सूनबाई तासाला हजर असतात, पण कॅमेरा बंद, माईक बंद. मागे कुकर शिट्ट्या देतोय, सासूबाई हाक मारतायत. याला कुणी निरुत्साह म्हणेल; आम्हाला तसं वाटत नाही.

नाव नोंदवून गायब होणारेही असतातच. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या कोर्सेसवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कोर्स उघडलाच नव्हता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणारे मात्र पुष्कळ जास्त टिकले.

मग चर्चेला मार्क ठेवावेत? ठेवून बघा. ‘छान माहिती, धन्यवाद सर’ची रांग लागते.

(दृश्य: लासलगाव बाजार समिती. कांद्याचा लिलाव.)

प्रश्न कसा विचारला, यावर बरंच अवलंबून असतं. ‘मागणी-पुरवठ्याचा नियम स्पष्ट करा’ म्हटलं की गाइडातलं उत्तर उतरवून येतं. ‘आज कांदा काय भावाने गेला, आणि कालपेक्षा कमी का?’ असं विचारलं, तर कांदा पिकवणाऱ्या घरातला पोरगा गप्प बसेल का? तो आवक सांगेल, निर्यातीवर बोलेल, वर व्यापाऱ्यांना चार शब्द सुनावेल.

पण त्याला उत्तर हवं, तेही नावानिशी आणि दोन-चार दिवसांत. तीनदा लिहून समोरून काहीच आलं नाही, तर चौथ्यांदा कशाला लिहील तो? शिक्षकांनाही हे कळतं. मात्र एका शिक्षकामागे किती विद्यार्थी द्यायचे, हे शिक्षकाला कुणी विचारत नाही.