पाठीवरचा पंप

(दृश्य : कापसाच्या शेताचा बांध. निळा ढोल, शेजारी दोन बाटल्या.)

आधी एक बाटली उघडते, मग दुसरी. माप म्हणून बाटलीचंच झाकण. काठीनं ढवळणारा हात कोपरापर्यंत उघडा आहे. या कीटकनाशकाला इथं सगळे 'औषध' म्हणतात. घरी विचारलं तर सांगतात, "औषध मारायला गेलेत." रोज तोंडात बसलेल्या या शब्दानं त्यातलं विष झाकून टाकलंय.

पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर चढतो. झाकणाच्या कडेनं गळतं, सदरा भिजतो आणि दिवसभर अंगाला चिकटून राहतो. नोझल चोंदलं की फवारणारा ते काढतो, ओठाला लावतो आणि फुंकतो. आम्ही शूटिंग करत होतो त्या सकाळी त्यानं हे तीनदा केलं.

(दृश्य : माणसाच्या डोक्याहून उंच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. आत फक्त फवाऱ्याचा आवाज.)

२०१७. यवतमाळ जिल्हा. त्या साली पऱ्हाटी बेफाम वाढली होती. एरवी फवारा कमरेखाली पडतो. तेव्हा नळी वर धरावी लागली आणि तुषार तोंडावर, छातीवर परत येऊ लागले. दाट पिकात वारा नाही, अंगाला घामाच्या धारा. बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं असलं की बोंडअळीची काळजी मिटली, असं ऐकलेल्या शेतकऱ्यानं गुलाबी बोंडअळी पाहिली होती. त्या धास्तीनं दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच ढोलात पडत होती.

पावसाळा सरेपर्यंत जिल्ह्यात २०हून अधिक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात पोचली. त्यांत शेतमजूर कितीतरी होते. शेत दुसऱ्याचं, बाटली दुसऱ्यानं आणलेली, पाठ मात्र मजुराची.

सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. पथकानं मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. हे जहाल औषध भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच मनाई होती. ताटातल्या भाजीची काळजी बारा वर्षं आधी घेतली गेली.

हातमोजे का घातले नाहीत, हे विचारणारे खूप भेटतात. भादव्याच्या उकाड्यात रबरी कपडे घालून त्यांनी एक पंप मारून पाहावा. आणि ते कपडे विकत कोणी आणायचे, रोजंदारीवरच्या माणसानं?

(दृश्य : सरकारी दवाखान्याचा वॉर्ड. पलंगाच्या कडेला धरलेला हात.)

ही औषधं नाकातोंडातून जातात, तशी कातडीतूनही जातात. ओला सदरा त्यांना दिवसभर वाट देतो. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं शरीरातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. नसांनी स्नायूंना दिलेला निरोप मग थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, अंगभर थरथर. डॉक्टर ॲट्रोपिन देतात, त्यानं लाळ आणि घरघर आवरते.

इथं घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि इथंच सावध राहायला हवं. एक ते चार दिवसांनी काहींना उशीवरून मान उचलता येत नाही. मागोमाग श्वासाचे स्नायू थकतात. बरं वाटतंय म्हणून लवकर घरी नेलेला माणूस अशा वेळी हाताबाहेर जाऊ शकतो.

वॉर्डात पहिला प्रश्न असतो, "काय मारलं होतं?" पुष्कळदा उत्तर येतं, "औषध." कुणी सांगतं, पांढऱ्या बाटलीतलं. ॲट्रोपिन एका गटाच्या विषावर चालतं. सगळ्या कीटकनाशकांवर नाही. काहींना उताराच नाही, तिथं फक्त श्वास सांभाळत राहायचं. ढोलात तीन औषधं मिसळलेली असली, की डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधत राहतात.

म्हणून, ताई, दादा, फवारणीनंतर कुणाला गरगरलं, मळमळलं, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, तर भिजलेले कपडे आधी उतरवा, साबणानं अंग धुवा आणि लगेच निघा. ढोलात जे जे ओतलं त्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, झाकण घट्ट लावून पिशवीत घाला आणि सोबत न्या. लेबल फाडू नका.

(दृश्य : बांधावर पडलेली बाटली. लेबलावर लाल त्रिकोण, खाली मुंगीएवढी अक्षरं.)