खूण नसलेली पेशी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय आपल्या रक्तातल्या एका मारेकऱ्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या लगामाबद्दल. नैसर्गिक मारक पेशी. प्रयोगशाळेतली मंडळी नुसतं 'एनके' म्हणतात. १९७५ च्या सुमारास या पेशी उजेडात आल्या, त्या एक कोडं घेऊनच. आधीची काही ओळखदेख नसताना त्या कर्करोगाच्या पेशी मारत होत्या. मग शेजारच्या निरोगी पेशीला का सोडत होत्या?

इथे मला स्टॉकहोमची गोष्ट सांगू द्या. तिथल्या कॅरोलिन्स्का संस्थेत क्लास कॅरे नावाचा तरुण संशोधक होता. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर 'एमएचसी वर्ग एक' नावाची प्रथिनं असतात, पेशीची 'मी तुमचीच' ही खूण. सगळे शोधत होते, मारेकऱ्याला शत्रूच्या अंगावर काय दिसतं? कॅरेनं उलटं विचारलं: काय दिसत नाही? १९८१ च्या प्रबंधात त्यानं लिहिलं, की खूण हरवली असेल तर एनके मारत असावी. (प्रबंधात अशा धाडसी अंदाजाला चार पानं तरी असावीत, असं माझं ठाम मत आहे. हल्ली मार्गदर्शक नेमकी तीच पानं आधी कापतात.)

अंदाज ठीक, पण पुरावा? मग त्यानं आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, पेशी घेतल्या. आधी त्यांच्यात रसायनानं बदल घडवले. मग खुणेलाच चिकटणारी प्रतिपिंडं सोडली. ज्या पेशीवर खूण, ती फुटून मरणार. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी उरल्या त्या जवळपास बिनखुणेच्या. आता खुणेच्या आणि बिनखुणेच्या, दोन्ही पेशी थोड्या थोड्या त्याच जातीच्या उंदरांना टोचल्या. पुस्तकी हिशेब साधा होता: टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या शिपायांना, शत्रू ओळखायला हीच खूण लागते, म्हणजे बिनखुणेची पेशी निसटणार. झालं नेमकं उलटं! खूण असलेल्यांची गाठ वाढली, बिनखुणेच्या पेशींचा उंदरांनी फडशा पाडला. आणि उंदरातल्या एनके पेशी काढून टाकल्या, तर? बिनखुणेच्याही वाढू लागल्या. १९८६ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं.

लगाम प्रत्यक्ष हाती लागला तो नंतर: १९९२ मध्ये उंदरात 'एलवाय-४९', मग माणसात 'केआयआर'. हे एनके पेशीवरचे रिसेप्टर, म्हणजे खूण चाचपणारी प्रथिनं. काम कसं चालतं ते थोडक्यात. या रिसेप्टरची शेपटी एनके पेशीच्या आत असते. बाहेर खूण सापडली की शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडलं जातं. तिथे 'एसएचपी-१' हे विकर येऊन बसतं आणि आसपासच्या प्रथिनांवरची फॉस्फेटं काढतं. हल्ल्याचा संदेश फॉस्फेटांच्याच जोरावर पुढे जातो, त्यामुळे तो तिथेच विझतो. लक्षात घ्या, तिथेच, त्या स्पर्शाच्या जागी. तीच एनके पेशी एका शेजाऱ्याला सोडून त्याच वेळी दुसऱ्याला मारू शकते.

मात्र नुसती खूण नसणं पुरत नाही. पुन्हा सांगतो, पुरत नाही! लगाम सुटला तरी टाच मारणारा संकेत लागतोच. लाल रक्तपेशींवर ही खूण जवळजवळ नसतेच, तरी त्या सुखरूप फिरतात. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिराती ऐकल्या की माझं डोकं फिरतं. नेमकं काय वाढवू, टाच की लगाम? पण तो राग पुन्हा कधीतरी.

जाता जाता सायटोमेगॅलो विषाणूचं सांगतो. टी पेशींपासून लपायला तो पेशीवरची खूण उतरवतो. मग एनके पकडणार, हेही जणू त्याला ठाऊक असतं. म्हणून तो स्वतःच्या एका प्रथिनाचा तुकडा पुरवून 'एचएलए-ई' हा खुणेच्याच कुळातला एक रेणू तेवढा पेशीवर टिकवून ठेवतो. एनकेचा 'एनकेजी-२ए' हा आवरणारा रिसेप्टर नेमका तोच रेणू तपासतो, आणि फसतो.