बाजार कोणत्या वारी भरतो?

(परभणीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. टाळ्या, खोकला आणि मध्येच गेलेली लाइट वगळून.)

अध्यक्ष महाराज, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘रस्त्यावरील बालकांचे पुनर्वसन : कायदा आणि समाज’. मी फोनवर म्हणालो होतो, पोरांना घरी कसं न्यायचं त्यावर बोलतो. संयोजकांनी त्याला इस्त्री केली. कायद्याचं बोलणारच आहे, पण आधी माझं एक जुनं वेड सांगतो, कारण घरी ते आता कोणी ऐकून घेत नाही.

माझी बरीच वर्षं पूर्णा जंक्शनवर गेली. रेल्वेत नव्हतो, एका संस्थेचा कार्यकर्ता होतो. पूर्णेला नांदेडकडून, परभणीकडून आणि हिंगोली-अकोल्याकडून गाड्या येतात. म्हणजे तिन्ही बाजूंची पोरं. एकटं पोरगं दिसलं की सगळे दोनच प्रश्न विचारतात : नाव काय, गाव कोणतं? नाव सिनेमातलं मिळतं आणि गाव मुंबई. मुंबई त्यानं पाहिलेली नसते. खरं सांगितलं की परत धाडतात, एवढं त्याला कळलेलं असतं.

म्हणून मी गाव विचारायचो नाही. विचारायचो, ‘बाजार कोणत्या वारी भरतो रे?’ गाव लपवायचं पोराला सुचतं, बाजाराचा वार लपवायचं सुचत नाही. त्या दिवशी भजी मिळतात, ते कसं विसरेल? मग जत्रा कोणती. माळेगावचे घोडे पाहिलेत म्हणाला की लोहा-कंधारची बाजू. रात्री भोंगा ऐकू येतो म्हणाला की साखर कारखाना जवळ. माय-बाप दिवाळीनंतर गाडीत बसून जातात म्हणाला, तर पुढचं विचारायलाच नको. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, कोयता लागलेला.

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या बाजारांची मी एक दोनशेपानी वही केली होती. वारानुसार गावं. कंडक्टर, बांगडीवाले, बैलांचे दलाल यांना विचारून विचारून लिहिलेली. एका कार्यालयानं सांगितलं, आम्ही छापतो. दिली. पुढं साहेब बदलले, टेबल बदललं, वही गेली. वही मिळाल्याची पावती मात्र शिक्क्यासकट माझ्याकडे आहे. कुणाला छापायची असेल तर सांगा. (हशा)

तर पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचं पोरगं, दोन दिवस तीन नंबरच्या बाकाखाली. नाव सांगितलं ते एका हिरोचं. मी शेजारी भेळ घेऊन बसलो. कागदात मुद्दाम जास्त घेतली. वार सांगितला. मग म्हणालं, दुकानदार निम्मे तेलगू बोलतात. मी सावरून बसलो. म्हटलं, अजून काय असतं बाजारात? तर म्हणे, ‘मिरच्याच मिरच्या. माह्या तर शिंकाच थांबत नाहीत.’

आता इथं बसलेल्या गृहिणींना सांगायला नको. तेलगू आणि मिरची : धर्माबाद! एका कागद भेळेत पत्ता काढला. काय सांगू, मी स्वतःवर इतका खूश झालो की उरलेली भेळ मीच खाल्ली.

बालकल्याण समितीपुढं हजर केलं, कागद झाले, तिसऱ्या दिवशी धर्माबादजवळच्या त्याच्या गावात आम्ही हजर. चुलता होता. सरपंचांनी नारळ दिला, फोटो निघाला. माय-बाप वीटभट्टीवर तेलंगणाकडं गेलेले, पण चुलता आहे की घरात! सही घेतली, चहा घेतला, परत.

एकविसाव्या दिवशी तेच पोरगं, तोच बाक.

मला पाहून पळालंही नाही. डोळे लाल. मी चिडूनच विचारलं, काय झालं? तर चुलत्यानं त्याला मिरचीच्या कांडपावर लावलेलं. सकाळपासून रात्रीपर्यंत तिखटाच्या धुरळ्यात पोती ओढायची. पहिल्यांदा पळालं ते त्यापायीच. म्हणजे बघा, त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिंका थांबत नाहीत म्हणाला होता. मी त्यातनं तालुका काढला.

(इथं अध्यक्षांकडून चिठ्ठी आली.) ‘सात मिनिटे.’ सात? मला वाटलं आत्ताच सुरुवात झाली. बरं, कायदा.

2015 चा बाल न्याय कायदा. पोरगं सापडल्यापासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढं न्यायचं. प्रवासाचा वेळ सोडून हे कायदा करणाऱ्यांनी आमच्या गाड्या पाहूनच लिहिलं असावं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. पोरगं स्वतःच्या घरी न्यायचं नाही, हॉटेलात कामाला ठेवायचं नाही, ‘बिचारं आहे’ म्हणून दहा रुपये देऊन पुढच्या गाडीत तर अजिबात बसवायचं नाही. पोरांच्या मदतीचा 1098 नंबर लावायचा. फोन फुकट आहे.

मुद्द्याचं असं की समितीला सामाजिक तपासणी अहवाल लागतो. घरी जाऊन पाहायचं, कोण आहे, काय खातात, पोरगं का गेलं. आमच्या वेळी तो अहवाल चहा पिता पिता लिहिला गेला, त्यात माझीही सही आहे. घर म्हणजे भिंती आणि एक मोठा माणूस, असं आम्ही धरून चाललो होतो. कायदा तसं म्हणत नाही. तो कुटुंबच आधी म्हणतो आणि संस्था सगळ्यात शेवटी, पण कुटुंब सुरक्षित पाहिजे.

पैशाचंही बोललं पाहिजे, कारण निम्मी पोरं गरिबीनं नाही तर गरिबीतल्या माणसांच्या रागानं पळतात. बालसंगोपन योजनेत आता महिना 2250 रुपये मिळतात. आजी, मावशी सांभाळत असेल तरी अर्ज करता येतो; जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जायचं. ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहं आहेत, ती हंगामाआधी सुरू करून घ्यायची, पोरं गेल्यावर नाही. गावात सरपंचांची बाल संरक्षण समिती कागदावर असतेच, अंगणवाडी ताई तिच्या सचिव. तिची शेवटची बैठक कधी झाली ते उद्या जाऊन विचारा. नुसतं विचारलं तरी एक बैठक होते.

दोन मिनिटं राहिली? मग पोराचं सांगून टाकतो.

चुलत्याकडं पुन्हा नाही दिलं. आईची आई होती, दोन गाड्या बदलून जावं लागे अशा गावात. म्हातारी म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. यावेळी आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. शाळेत नाव घातलं. पण नंतर बघायचं कोणी? दर आठवड्याला पूर्णेहून जाणं मला जमणारं नव्हतं.

तर त्या गावच्या बाजारात एक बांगडीवाली बसायची, माझ्या वहीतली. म्हातारी बाजाराला यायची ती नातवाला घेऊनच. मी बांगडीवालीला म्हटलं, पोरगं दिसलं की मला एक मिस्ड कॉल द्या. दिसलं नाही, किंवा बिघडलेलं दिसलं, तर दोन. पैसे लागत नाहीत म्हटल्यावर बाई लगेच तयार.

तीन वर्षं दर बाजाराला एक मिस्ड कॉल. एकदा दोन आले. मी जेवणाच्या ताटावरून उठलो, मिळेल ती गाडी धरली. पोहोचलो तर पोरगं म्हातारीची पिशवी धरून उभं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अवो, चुकून दाबलं गेलं. आलेच हाव तर सूनबाईसाठी डझनभर घेऊन जा.’

घेतल्या. मापाला लहान निघाल्या.